एच. पायलोरी आणि अल्सर : पत्रकात आधी काय लिहावं – तिखट, पाणी की गोळ्या?

ओंजळ

दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात लावण्यासाठी जठरातला जंतुसंसर्ग आणि अल्सर यांवर एक पानी पत्रक तयार करते आहे. हाती आलेल्या कच्च्या मजकुरात 'हे टाळा' अशी एकच यादी आहे. त्यात तिखट, चहा-कॉफी, उपाशी राहणं, चिंता, अशुद्ध पाणी, दारू, धूम्रपान, जास्त मीठ आणि सगळ्यात शेवटी वेदनाशामक गोळ्या. सगळ्यांना सारखंच वजन दिलंय, आणि तेच खटकतंय. जाणकारांकडून हवं ते असं :

१. यातली खरी कारणं कोणती आणि नुसता त्रास वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या?
२. एच. पायलोरी जंतू पाण्यातून येतो, असं ठामपणे लिहिता येईल का? पाणी शुद्ध करण्याची नेमकी पद्धत काय द्यावी?
३. वेदनाशामक गोळ्यांबद्दल, रोजच्या कामाची औषधं बंद करायला न लावता, काय सांगता येईल?

मोघम नको, आकडे आणि कारणं हवीत. पत्रकात ती सोपी करून घेईन.

---

जठराग्नी

यादी आधी तीन प्रश्नांत फोडा. जंतू पोटात शिरतो कसा? शिरल्यावर काही जणांनाच व्रण का होतो? आणि झालेला व्रण भरून का येत नाही, किंवा त्यातून रक्त का जातं? तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट यांपैकी कुठे बसते ते पाहा. तिखट तिन्हींत बसत नाही. वेदनाशामक गोळ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही प्रश्नांत बसतात आणि तरी यादीत तळाला आहेत. म्हणजे क्रम जवळजवळ उलटा करावा लागेल.

हा उलटा क्रम आला कुठून, तेही सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्याआधी अल्सर म्हणजे जास्तीचं आम्ल, चिंता आणि चुकीचं खाणं अशीच समजूत होती, आणि दूध व मऊ-अळणी जेवण हा उपचाराचा मोठा भाग होता. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं, उपचार बदलले, पण जुन्या पथ्याची यादी पत्रकांत तशीच उतरत राहिली.

पहिला प्रश्न, संसर्गाचा. जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आढळत आला आहे आणि बहुतेकांना तो बालपणीच लागतो. तोंडातून तोंडात, विष्ठेतून तोंडात आणि उलटीतून तोंडात असे त्याचे मार्ग आहेत. धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे कमी खोल्यांत जास्त माणसं, एका अंथरुणात अनेक मुलं, संडास आणि हात धुण्याची अपुरी सोय, असुरक्षित पाणी आणि घरात आधीपासून संसर्ग असलेली व्यक्ती, विशेषतः आई. मोठ्या माणसांनी घास चावून मग बाळाला भरवणं हीदेखील धोक्याची सवय आहे.

उलटीचा मुद्दा बहुतेक पत्रकांतून सुटतो, म्हणून वेगळा लिहितो. संसर्ग असलेल्या माणसाच्या उलटीत जिवंत जंतू मोठ्या संख्येनं सापडतात, शौचात मात्र ते जिवंत मिळणं अवघड जातं. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले की लहान मुलांना तिथून दूर ठेवावं. हातमोजे घालून उलटी आधी कागदानं टिपून घ्यावी, मगच जागा निर्जंतुक करावी. द्रावण कसं करायचं ते पाणीवाल्या मंडळींनी सांगावं.

दुसरा प्रश्न. जंतू असलेल्या १०० जणांपैकी आयुष्यभरात साधारण १० ते १५ जणांना अल्सर होतो. उरलेल्यांच्या जठराला सूज असते, पण व्रण नसतो. जंतू यूरिएज नावाचं विकर तयार करतो. ते युरियापासून अमोनिया बनवतं, त्यामुळे जंतूभोवतीचं आम्ल मावळतं आणि तो श्लेष्माच्या, म्हणजे जठराच्या अस्तरावरच्या चिकट आवरणाच्या, थरात घुसून बसतो. पुढचं सगळं सूज कुठे आहे यावर. जठराच्या खालच्या भागात असेल तर गॅस्ट्रिन हे आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक वाढतं, आम्ल जास्त सुटतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण होतो. वरच्या मोठ्या भागात पसरली तर आम्ल उलट कमी होतं, पण जठरातला व्रण आणि पुढे कर्करोग यांचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ सालीच या जंतूला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्ककारकांत, घातलं आहे. 'पोटात जास्त आम्ल म्हणजे अल्सर' हे वाक्य म्हणून अर्धंच खरं. पत्रकात नको.

धूम्रपान दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत येतं. स्वादुपिंडातून आम्ल मारणारं बायकार्बोनेट त्यामुळे कमी सुटतं, अस्तराचा रक्तपुरवठा घटतो, व्रण भरायला वेळ लागतो आणि जंतू घालवण्याच्या उपचाराचं यशही कमी होतं. जंतू एकदा पूर्ण गेला की धूम्रपानामुळे अल्सर उलटण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. पण हे वाक्य पत्रकात घालू नका, त्याचा अर्थ भलताच घेतला जाईल.

---

थेंबथेंब

पाण्यावर माझा प्रतिसाद.

'पाण्यातून येतो' असं ठाम लिहू नका. 'असुरक्षित पाणी हा एक मार्ग असू शकतो' असं लिहा. हा जंतू पाण्यातून प्रयोगशाळेत वाढवून दाखवणं फार कठीण आहे. पाण्यात गेल्यावर तो आपला मळसूत्री आकार सोडून गोलसर होतो आणि जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही. पाण्यात आणि नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात त्याचा डीएनए सापडतो, पण डीएनए मेलेल्या जंतूचाही असू शकतो. पाण्याचा स्रोत आणि संसर्ग यांचा संबंध काही लोकसमूहांत दिसला आहे. पुरावा तिथपर्यंतच नेता येतो.

आणखी एक गैरसमज. पाण्याची नेहमीची तपासणी म्हणजे १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू आहे की नाही ते पाहणं. त्या अहवालात एच. पायलोरी शोधलेलाच नसतो. अहवाल चांगला आला याचा अर्थ पाण्यात विष्ठेचा अंश मिसळल्याचं दिसत नाही, इतकाच. तरी व्यवहारात तो उपयोगी आहे, कारण विष्ठेचा मार्ग बंद झाला की बरेच जंतू एकदम अडतात.

घरासाठी पद्धत :

उकळणं सगळ्यात भरवशाचं. तळाशी बारीक बुडबुडे दिसले म्हणजे पाणी उकळलं असं नाही. सगळा पृष्ठभाग खळखळायला हवा आणि त्यानंतर १ मिनिट मोजायचं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. मग झाकून, त्याच भांड्यात गार होऊ द्यायचं.

उकळणं शक्य नसेल तर क्लोरीन. ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं, सुगंध किंवा साबण न मिसळलेलं ब्लीच, १ लिटर स्वच्छ पाण्याला २ थेंब. पाणी गढूळ असेल तर आधी स्थिर ठेवून, कापडातून गाळून घ्यायचं आणि थेंब दुप्पट करायचे. नीट ढवळून ३० मिनिटं थांबायचं. त्यानंतर मुक्त क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरायला हवं. चूक इथेच होते : टाकीत क्लोरीन टाकलं की लगेच क्लोरीन मोजायची पट्टी बुडवून बघतात, आकडा छान येतो, आणि अर्ध्या तासात गाळ आणि शेवाळ ते सगळं खाऊन टाकतात. मोजायचं ते ३० मिनिटांनंतर, आणि टाकीत नाही, तर ज्या नळाचं पाणी पितात त्या नळाला. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर ब्लीचची ताकद उतरलेली असते. क्लोरीन मोजायची पट्टी नसेल तर निदान ताजी बाटली वापरा.

शुद्ध केलेलं पाणी पुन्हा बिघडतं ते हातामुळे. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवला की बोटं बुडतात. तोटी असलेलं किंवा अरुंद तोंडाचं भांडं वापरा. तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

सांडपाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाज्या हा असाच दुसरा संशयित मार्ग. नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं बरं, आणि पाण्याच्या स्रोताची खात्री नसेल तर शिजवूनच खाणं उत्तम.

जठराग्नींनी विचारलेलं द्रावण : ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली आणि पाणी मिळून १ लिटर. ०.१ टक्का होतं. आधी घाण टिपून काढायची, मग द्रावण ओतून १० मिनिटं राहू द्यायचं. घाणीवर थेट ओतलं तर क्लोरीन घाणीतच संपतं. संडास साफ करायच्या आम्लात किंवा अमोनिया असलेल्या द्रवात ब्लीच कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

---

मात्रा

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा, म्हणून जरा लांबण लावतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, अॅस्पिरिन ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होणं थांबवतात. दुखणं कमी होतं ते त्यामुळेच. पण जठराच्या अस्तरावरचा श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा टिकवून धरण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतं. ते गेलं की अस्तर उघडं पडतं. या यंत्रणेतून तीन गैरसमज आपोआप बाद होतात :

गोळीऐवजी इंजेक्शन किंवा गुदमार्गे घ्यायची वडी घेतली म्हणून पोट वाचत नाही, औषध रक्तातून अस्तरापर्यंत पोचतंच. आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या अॅस्पिरिननं अल्सर किंवा रक्तस्राव टळत नाही. आणि जेवणानंतर गोळी घेतल्यानं मळमळ-जळजळ कमी होते, व्रणाचा धोका मात्र कमी होत नाही. 'गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका' एवढीच सूचना पत्रकात दिली, तर जेवून घेतली की काही होत नाही असा अर्थ निघतो. मला ती सूचना म्हणून अपुरी वाटते.

जंतू आणि गोळ्या एकत्र आल्या की धोका आणखी वाढतो. अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झालं. त्यात, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत दोन्ही असलेल्यांमध्ये अल्सरमधून रक्तस्रावाचा धोका सुमारे ६ पट निघाला. म्हणून ज्यांना वेदनाशामक किंवा अॅस्पिरिन दीर्घकाळ घ्यायचं आहे आणि पूर्वी अल्सर होऊन गेलाय, त्यांची जंतूसाठी तपासणी आधी झालेली बरी.

कुणी विशेष जपावं : वय ६५ च्या पुढे, पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव, रक्त पातळ करणारं औषध चालू, स्टेरॉइड चालू, नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं चालू, किंवा दोन वेदनाशामकं एकाच वेळी. हे शेवटचं नकळत घडतं. सांधेदुखीची गोळी चालू असते आणि वर सर्दी-अंगदुखीची मिश्र गोळी घेतली जाते, तिच्यातही आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन असतं. पत्रकात 'पाकिटामागचे घटक वाचा' असं लिहून सुरुवातीला दिलेली चार औषधांची नावं मोठ्या अक्षरांत छापा. साध्या तापाला किंवा दुखण्याला पॅरासिटामॉल पोटासाठी जास्त सुरक्षित. प्रौढांना २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि यकृताचा आजार, नियमित दारू किंवा कमी वजन असेल तर मर्यादा त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून.

तुमची काळजी रास्त आहे. हृदयासाठी दिलेलं ७५ मिलिग्रॅमचं अॅस्पिरिन लोकांनी घाबरून बंद केलं तर झटका येऊ शकतो. त्यामुळे 'डॉक्टरांनी दिलेलं अॅस्पिरिन स्वतःहून थांबवू नका, पोटासाठी सोबत संरक्षक गोळी हवी का ते विचारा' हे वाक्य त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत हवं.

---

ओंजळ

मनापासून आभार. क्रम बदलतेच आहे. अजून थोडं : आहाराचा भाग मग अगदीच काढून टाकू का? मीठ, दूध, कॉफी याबद्दल लोक विचारणारच. ब्रोकोलीनं जंतू मरतो असं एका मजकुरात आहे. आणि घरातल्या एकाला संसर्ग निघाला तर सगळ्यांनी तपासणी करावी का?

---

पथ्यपाणी

काढू नका, पण 'कारणं' या मथळ्याखाली ठेवू नका.

तिखट : मिरचीतलं कॅप्सेसिन अस्तरातल्या संवेदक नसांना चाळवतं, म्हणून आग होते. त्यानं व्रण पडतो असा पुरावा नाही. आग जाणवणं आणि अस्तर फाटणं या वेगळ्या घटना आहेत. ज्याला त्रास होतो त्यानं कमी खावं, इतरांना मनाई करायचं कारण नाही.

कॉफी आम्ल वाढवते, कॅफीन काढलेली कॉफीसुद्धा. अल्सरशी तिचा संबंध मात्र दिसत नाही.

दूध : हा मुद्दा जरूर लिहा, कारण दूध औषध म्हणून प्यायलं जातं. दूध काही काळ आम्ल शमवतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं मागाहून आम्ल वाढवतात. तासाभराचा आराम, उपचार नाही. आवडतं म्हणून प्यायला हरकत नाही.

उपाशी राहणं : लहान आतड्याच्या अल्सरचं दुखणं जेवणानंतर २ ते ५ तासांनी आणि मध्यरात्री उठतं आणि खाल्ल्यावर थांबतं. त्यावरून उपवासानं अल्सर होतो असा समज झाला असावा. पोट रिकामं असताना दुखणं हे लक्षण आहे.

दारू : कडक दारू अस्तराला थेट इजा करते आणि व्रण असेल तर जास्त पिणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणजे जठराग्नींच्या तिसऱ्या प्रश्नात.

मीठ : याचा भर अल्सरपेक्षा कर्करोगावर आहे. खूप खारवलेलं अन्न श्लेष्माचा थर बिघडवतं, आणि जंतू असलेल्या पोटात ते जास्त नडतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात तयार पदार्थांतलं मीठही धरायचं.

ताजी फळं-भाज्या आणि तंतुमय आहार घेणाऱ्यांत लहान आतड्याचे अल्सर कमी दिसले आहेत. जंतू असताना जठररसातलं क जीवनसत्त्व घटतं हेही खरं. पण ही निरीक्षणं आहेत, फळं खाऊन अल्सर बरा होतो असं यातून निघत नाही.

ब्रोकोलीचं मूळ जपानमधल्या एका प्रयोगात आहे. कोवळे अंकुर, रोज ७० ग्रॅम, ८ आठवडे. जंतूच्या प्रमाणाचे निर्देशक उतरले, आणि अंकुर बंद केल्यावर २ महिन्यांत पुन्हा पूर्ववत झाले. जंतू दबला, मेला नाही. लसूण आणि मधाचे दाखले बरेचसे काचेच्या बशीतले आहेत. प्रोबायोटिकनं अँटिबायोटिकचे जुलाब कमी होतात, तेवढ्यासाठी सोबत घ्यायला ठीक.

---

जठराग्नी

पथ्यपाणींशी सहमत. फक्त 'चिंता' यादीतून पूर्ण उडवू नका. डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत मानसिक ताण जास्त असलेल्यांत, जंतू असो वा नसो, अल्सर जास्त आढळले, आणि जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर रक्तस्रावी अल्सरचे रुग्ण वाढले होते. ताण हा खरा घटक आहे, पण 'चिंता करू नका' लिहून कुणाची चिंता जात नाही. 'ताणाच्या काळात सिगारेट आणि डोकेदुखीच्या गोळ्या वाढतात, तिकडे लक्ष ठेवा' असं लिहिलंत तर काही हाती लागेल.

कुटुंबाची तपासणी : याबाबत देशोदेशी मतं वेगळी आहेत. चीनमध्ये सगळ्या घराची तपासणी-उपचार एकत्र करण्याचा आग्रह आहे. माझ्या मते त्याच घरात राहणाऱ्या प्रौढांनी तपासणी करून घ्यावी, विशेषतः कुणाला जठराचा कर्करोग झालेला असेल तर. लहान मुलांना मात्र नुसत्या पोटदुखीसाठी ही तपासणी करत सुटू नये. मुलांच्या पोटदुखीचं कारण बहुधा दुसरं असतं आणि विनाकारण अँटिबायोटिक पडतात. प्रौढांना नव्यानं संसर्ग होणं तुलनेनं कमीच, तेव्हा ताट-वाट्या वेगळ्या करून कुणाला वाळीत टाकल्यासारखं वागवू नये, हेही लिहा.

तपासणी श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशाची, करावी. रक्तातली प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही बराच काळ राहतात, त्यामुळे ती तपासणी आजचा संसर्ग सांगत नाही. आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक व बिस्मथ हे पोटाचं औषध ४ आठवडे आधीपासून बंद असायला हवीत, नाहीतर जंतू असूनही निकाल 'नाही' येतो. खोटा निकाल येण्याचं नेहमीचं कारण हेच. ज्यांना पूर्वी रक्तस्राव झालाय त्यांनी पीपीआय विचारूनच थांबवावी.

---

मात्रा

उपचाराच्या चौकटीसाठी : हल्ली चार औषधांचा १४ दिवसांचा क्रम प्रथम दिला जातो. पीपीआय, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. पीपीआय जेवणाआधी अर्धा तास. टेट्रासायक्लिन दूध, लोह किंवा आम्लशामक पातळ औषधासोबत घेतलं की त्यांच्याशी बांधलं जातं आणि शोषलं जात नाही, म्हणून मध्ये किमान २ तास. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नाही. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर सबसॅलिसिलेट प्रकारचं बिस्मथ नको, ते आधीच सांगावं.

उपचार फसतो तो बहुधा दोन कारणांनी. चौथ्या-पाचव्या दिवशी जळजळ थांबते आणि गोळ्याही थांबतात. किंवा खोकल्या-सर्दीसाठी पूर्वी क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेलं असतं, जंतू त्याला सरावलेला असतो, आणि पुन्हा तेच दिलं जातं. पूर्वी घेतलेल्या अँटिबायोटिकची नावं डॉक्टरांना सांगायला लावा. आणि संपल्यावर ४ आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच. बरं वाटणं म्हणजे जंतू गेला असं नाही.

---

ओंजळ

मसुदा आज बसून करते. शेवटच्या ओळीत 'काळी शौच झाल्यास त्वरित दवाखान्यात' असं लिहू ना?

---

जठराग्नी

तेवढंच लिहिलंत तर बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या घेणारा प्रत्येक जण घाबरून येईल, कारण त्यांनीही शौच काळी होते, बिस्मथनं तर जीभसुद्धा. 'डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची' असं लिहा. सोबत : रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, उभं राहताना भोवळ, अचानक उठलेली असह्य पोटदुखी आणि लाकडासारखं टणक पोट. यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता थेट रुग्णालय. वजन उतरणं, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं आणि साठीनंतर नव्यानं सुरू झालेलं पोटाचं दुखणं यांची वेगळी ओळ करा. तिथे त्याच रात्री धावायला नको, पण दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्यायला हवी.